फिटलेला नवस

श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्या निमित्ताने बोरसे घराण्यात वर्षातून एकदा एकी होत असे, आणि ती एकी नैवेद्याच्या रोटांचे गहू मुठीने मापून होईपर्यंत टिकत असे. यंदा ती तेवढीही टिकेल अशी आशा दिपमालाला नव्हती. जळगावहून निघताना तिने पर्समध्ये दोन गोष्टी टाकल्या होत्या. एक, मोठ्या जावेसाठी घेतलेलं ब्लाउजपीस. दुसरी, लेकीच्या, पुनमच्या गोळ्यांची पट्टी. पहिलीच्या जोरावर दुसरी चालू करायची, असा एकूण बेत होता.

गोळ्या घरात येऊन महिना होत आला होता. हार्मोनच्या डॉक्टरांनी "आधीच उशीर झालाय, उद्यापासून सुरू करा" म्हणून सांगितलं होतं. पण आबांच्या कानावर घातल्याशिवाय नको, असं तिच्या नवऱ्याचं, योगेंद्रचं म्हणणं पडलं. योगेंद्र जळगावच्या एका डाळमिलमध्ये सुपरवायझर होता. तिथे तो नुसता खोकला तरी माणसं सरळ उभी राहत. धुळ्याचा रस्ता लागला की मात्र तो गावागणिक लहान होत जाई, आणि देवपुरात वडिलांच्या घरासमोर गाडी लावेपर्यंत थेट हाफपँटीत पोचलेला असे. "कानबाईला सगळे असतातच. शांतपणे विषय काढू," तो म्हणाला होता. बोरस्यांच्या घरात शांतपणे काढलेला विषय आजवर कुणी पाहिला नव्हता.

मागच्या सीटवर पुनम कानात इअरफोनची बोंडं घालून बसली होती. वय पंधरा, दिसायला दहा-अकराची. एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ती आईला म्हणाली होती, "या, आता तुम्ही पण माझ्या लायनीत आलात." शेजारी तिचा मोठा भाऊ ललित तोंड उघडं टाकून झोपला होता. नऊ वर्षांपूर्वी याच ललितची अस्थिमज्जा तिला दिली, म्हणून ती आज त्याच्या उघड्या तोंडाचे फोटो काढू शकत होती.

पुनमला जन्मापासून रक्ताचा आजार. अंगात रक्त धड तयार होत नसे. दर तीन आठवड्यांनी चढवावं लागे. मग मुंबईला मज्जा बदलली. त्या वेळी आबांनी कानबाईला नवस बोलला, पोर वाचली तर चांदीचे डोळे. पोर वाचली. दोन वर्षांनी कानबाई म्हणून पुजायच्या नारळावर चांदीचे डोळे चढले, भाऊबंदांच्या पंगती उठल्या आणि आबांनी जाहीर केलं, "नवस फिटना. आते दवाखाना बंद." आबा म्हणजे गिरधर बोरसे, योगेंद्रचे वडील. एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. त्यांनी एकदा पुकारलं की गाडी फलाट बदलत नसे. नवस फिटल्यावर पुन्हा डॉक्टरकडे जायचं म्हणजे देवीच्या कामावर संशय घ्यायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दर वर्षी या, वाढ बघू, थायरॉइड बघू, वयात यायच्या आधी तर नक्कीच या. पण डॉक्टरांना चांदीचे डोळे नव्हते, त्यामुळे त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. दवाखान्याच्या वासाने थकलेल्या दिपमालालाही तेव्हा ते बरंच वाटलं होतं, आणि त्यासाठी तिने स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

होळीच्या सुमारास पुनम मोरीत घसरली आणि एवढ्याशा पडण्याने मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, या वयात हाडं इतकी पोकळ कशी? तिथून एकेक उलगडत गेलं. थायरॉइड मंद. उंची खुंटलेली. पाळीचा पत्ता नाही. हार्मोनच्या डॉक्टरांनी शेतकऱ्याच्या भाषेत समजावलं होतं, "नवी मज्जा पेरायच्या आधी जुनी साफ करावी लागते. त्याचं औषध जहाल असतं. तणनाशकासारखं. तण जळतं, पण कडेचं पीकही होरपळतं. हिची अंडाशयं त्यात गेली. आता शरीर जे बनवत नाही ते आपण बाहेरून द्यायचं. आधी अगदी थोडं, मग वाढवत. नाही दिलं तर वयात येणं तर राहीलच, पण तिशीत हिची हाडं म्हातारीची होतील." किती दिवस द्यायचं, असं योगेंद्रने विचारलं. इतर बायकांचं थांबतं तोवर, म्हणजे पन्नाशीपर्यंत, असं उत्तर मिळालं. योगेंद्र बाहेर येऊन बराच वेळ गाडीची किल्ली शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

*

"अगं, किती सुंदर!" ज्योतीताईने ब्लाउजपीस अंगाला लावून पाहिलं आणि घडी करून डब्याच्या मागे ठेवलं. स्वयंपाकघरात गंगाफळाच्या, लाल भोपळ्याच्या फोडींचा ढीग पडला होता.

"ताई, आज विषय काढतोय आम्ही," दिपमाला म्हणाली. "तुम्ही फोनवर म्हणाला होतात, मी आहे ना तुझ्यामागे."

"आहेच की. मागेच आहे." ज्योतीताईने विळी पुढे ओढली. "मी काय म्हणते दिपा, दिवाळीपर्यंत थांबलं तर? पुढच्या रविवारी आमच्या ज्योत्स्नाला बघायला शहाद्याचे लोक येतायत. चांगलं घर आहे. त्यांच्या कानावर गेलं ना, की या घरातल्या पोरींना असं काही आहे…"

"असं काही म्हणजे? ज्योत्स्नाचा काय संबंध?"

"मला कळतंय गं. लोकांना कळतं का?"

लोकांना काय कळतं हे ज्योतीताईला नेहमी लोकांच्या आधी कळत असे. दिपमालाने फोडी चिरायला घेतल्या. जावेचा पाठिंबा सकाळच्या चहापासून दुपारच्या भाजीपर्यंत टिकला, हेही काही कमी नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून बेबाबाईंची हाक आली. "पुनम! चाल वं माय. कानबाईना नारय धुवाना शे. तुन्हाच हात जोयजे."

बेबाबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या. तेव्हापासून कानबाईचं सगळं त्यांच्या देखरेखीखाली. आणि गेली तीन वर्षं नारळ धुणं, नथ घालणं, रोटांचे गहू पाखडणं ही सगळी सोवळ्यातली कामं पुनमकडे होती. कारण साधं होतं. घरातल्या बायकांपैकी ऐन वेळी कुणाची ना कुणाची अडचण निघे. पुनमची कधीच निघत नसे. "पोर कशी, कायम मोकळी," असं सगळं घर कौतुकाने म्हणे. पंधरा वर्षांची पोर कायम मोकळी कशी, हे विचारायची फुरसत तेवढी कुणाला झाली नव्हती. देवीच्या कामाला आलेल्या हाताची कोण चौकशी करतं?

*

संध्याकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लावून सतरंजी अंथरली. अक्का गव्हाच्या पोत्यापाशी बसल्या, पुनम परात धरून. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, असा घराण्याचा नेम. त्याचेच उद्या रोट व्हायचे आणि ते फक्त बोरस्यांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीला त्यातला तुकडा चालत नाही. म्हणजे अक्का जन्मभर रोट मापत आल्या, लाटत आल्या, आणि खायची वेळ आली की दुसऱ्यांना वाढत आल्या. घरी परत आल्या होत्या, कुळात नव्हे.

"गिरधरनी मूठ," अक्का म्हणाल्या आणि गहू परातीत पडले. "नवलनी मूठ." आबांचा थोरला मुलगा नवल मोबाइलमध्ये बघत होता, त्याने नुसती मान हलवली. "योगेंद्रनी…"

"आबा," योगेंद्र म्हणाला, "पुनमबद्दल थोडं बोलायचं होतं."

अक्कांची मूठ हवेत थांबली.

योगेंद्रने सांगायला सुरुवात केली. चांगलं घरून घोकून आला होता. पण पोरीच्या बापाने हॉलमध्ये, वडिलांसमोर, मोठ्या भावासमोर ते सांगायचं म्हणजे. "तिचं ते… बायकांचं जे असतं… ते अजून…" इथे तो छताकडे बघायला लागला. मग दिपमालानेच सगळं सांगितलं. औषध, हाडं, पन्नाशीपर्यंतच्या गोळ्या. शब्द न खाता. नवलभाऊंनी मोबाइल इतका डोळ्यांजवळ नेला की नाकानेच टाइप करतायत असं वाटावं.

आबांनी ऐकून घेतलं. मग घसा साफ केला. गाडी पुकारायच्या आधी ते असाच घसा साफ करत.

"पोर चांगली शे. खास, पेस, शाळामा जास. आखो काय जोयजे? कानबाईनी वाचाडी तिले. नवस फिटना. आते हाई गोयी-बियी कसाले?"

"नवस आजाराचा होता आबा. हे उपचाराने झालेलं आहे."

"तू माले नको शिकाडू." आबा पुढे झुकले. "माले सांग, तिन्हा अंगमा रगत कोन्हं शे? ललितनं. पोऱ्यानं रगत! मंग ते बाईमानुसनं कसं येई? साधी गोट शे. एवढा मोठा डाक्टर, त्याले समजनं नही!"

हॉलमध्ये एकदम सगळ्यांचं समाधान झालं. ज्योतीताईने "हो बाई, खरंच की" म्हणून घेतलं. नवलभाऊंनी मोबाइल खाली ठेवला आणि "रक्तगट पण बदलला होता ना तिचा?" असा पुरावा दिला. ललितचे कान लाल झाले. आपल्या रक्ताने हे केलं, अशा नजरेने तो स्वतःच्या हाताकडे बघायला लागला. आबांच्या म्हणण्यातली अर्धी गोष्ट खरी होती, हीच तर पंचाईत. पुनमच्या शिरांतून खरोखर भावाचंच रक्त वाहत होतं.

"रक्त ललितचं आहे आबा," दिपमाला म्हणाली, "पण बाकी सगळी पोर तिची तीच आहे." त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण त्याच वेळी पुनमने परात खाली ठेवली.

"अक्का," ती म्हणाली, "मग माझी मूठ टाका."

"काय वं?"

"माझ्यात पोऱ्याचं रक्त आहे ना? आबाच म्हणाले. मग माझ्या नावाचे सव्वा मूठ गहू टाका."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अक्कांनी भावाकडे पाहिलं. ऐंशी वर्षांच्या त्या तोंडावर एक हसू आलं. ते बऱ्याच वर्षांपूर्वी यायचं राहून गेलेलं असावं.

"रगत ते पोऱ्यानं शे, गिरधर. तूच सांगं," अक्का म्हणाल्या. "टाकू?" आणि त्यांनी पोत्यात हात घातला.

"येडी व्हयनी का तू!" आबा ताडकन उठले. "आंडेरनी, पोरनी मूठ आपला घरमा कधी पडनी नही!"

"पण रक्त…"

"रगतनं काय लई बसनी! पोर शे ती! पोर! नारय धोस, नथ घालस, दखात नही का तुले? पोरनी मूठ पडत नही!"

"नक्की ना, आबा?" पुनमने विचारलं. अगदी शाळेत बाईंना शंका विचारावी तसं. "पोरगीच आहे ना मी? मग पोरीचं औषध घेऊ?"

आबा उभेच राहिले. उभ्या नोकरीत पुकारलेली गाडी त्यांनी आज पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने दुसऱ्या फलाटावर लावली होती. योगेंद्र छताकडे बघायचं सोडून लेकीकडे बघत होता. शेवटी आबा म्हणाले, "घे. जे करनं ते करा," आणि चपला शोधायला लागले.

अक्कांनी पोत्यातून हात काढला. मूठ रिकामी होती. "योगेंद्रनी मूठ," त्या म्हणाल्या आणि माप पुढे चालू झालं.

*

गच्चीवर दोरीवरचे कपडे काढताना पुनमने विचारलं, "मम्मी, मला मुलं नाही होणार ना?"

दिपमालाच्या हातातली चादर तशीच राहिली. हे आपण कधी आणि कसं सांगायचं याचा तिने महिनाभर विचार केला होता. पोरीने तो एका वाक्यात संपवला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही कुजबुजता तेव्हा फार मोठ्याने कुजबुजता."

"अवघड आहे म्हणाले डॉक्टर. दुसऱ्या वाटा असतात, ते तेव्हाचं तेव्हा." मग तिला स्वतःचीच चीड आली. "नाही, खोटं नको. आपोआप नाही होणार. मला फार वाईट वाटतंय गं. वेळेवर नेलं असतं तरी ते वाचलं नसतं, पण तुझी उंची, तुझी हाडं… ते तरी."

पुनम चिमटे डब्यात टाकत राहिली. "ज्योत्स्नाताईच्या पाहुण्यांना नका सांगू म्हणजे झालं," ती म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता दिपमाला त्या चादरीत तोंड घालून रडली. पुनमने तिला रडू दिलं. तेवढ्यात चिमट्यांचा डबा भरून घेतला.

*

रविवारी सकाळी चहाच्या वेळी आबा पुन्हा खुशीत होते, म्हणूनच दिपमालाने कान टवकारले. आबा नवलभाऊंना सांगत होते, "मी इचार कया. नवा नवस बोलस. पोरनं बठ्ठं सुरळीत व्हयनं, का कानबाईले सोनानी नथ. नवस फिटना, का गोयी बंद."

म्हणजे पहिल्या पाळीला पंगत, आणि पंगतीनंतर पुन्हा दवाखान्याला कुलूप. नऊ वर्षांपूर्वीचीच गाडी, फक्त पाटी सोन्याची. आबांच्या मनात खोट नव्हती. नातीवर त्यांचा जीव होता आणि तो दाखवायची त्यांना एवढी एकच रीत येत होती. बोलायचं, फेडायचं, मोकळं व्हायचं. दिपमालाने योगेंद्रला कोपऱ्यात गाठलं. "बोलू दे ना," तो म्हणाला, "निदान गोळ्या सुरू तर होतील." पुरुषांचं हे 'निदान' फार स्वस्त असतं, असं तिच्या मनात आलं.

बोरस्यांच्या घरात एका माणसासाठी कानबाईपुढे एका वेळी एकच नवस चालतो. आधी बोलला त्याचा. आणि बोललेला नवस आजवर कुणी मागे घेतलेला नाही. सासऱ्याच्या आधी सुनेने बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुपारी आरती झाली. चौरंगावर नारळाची कानबाई नथ घालून, हिरव्या खणात, चांदीच्या डोळ्यांनी सगळ्यांकडे टक लावून बघत होती. समोर रोटांचा नैवेद्य. हॉल भाऊबंदांनी भरलेला. आबा पुढे झाले, हात जोडले, घसा साफ केला.

त्या घसा साफ करण्याएवढाच वेळ दिपमालाला मिळाला.

"आई कानबाई," ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. "माझ्या पुनमच्या गोळ्या आणि तपासण्या ती पन्नास वर्षांची होईपर्यंत एक दिवस न चुकता चालू दे. ती पन्नाशीची झाली की तुला सोन्याची नथ चढवू. तोवर हा नवस फिटला असं या घरात कुणी म्हणायचं नाही."

ज्योतीताईचा पदर दातात तसाच राहिला. आबांचे हात जोडलेलेच होते आणि तोंड उघडं होतं. त्यांना आता कानबाईशी बोलायला काही उरलं नव्हतं.

"बोलाई गया नवस," अक्का म्हणाल्या आणि दिपमालाच्या कपाळाला कुंकू लावलं. "आते बठ्ठासनी ऐकं शे. मांगे फिरत नही."

आबा हळूच खाली बसले. रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ते बोटांवर काहीतरी मोजत होते आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरत गेला. फेडल्याशिवाय मोकळं कसं व्हायचं हे या माणसाला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

"पन्नासनी?" ते पुटपुटले. "तवलोंग मी कोठे ऱ्हासू?"

तेवढ्यात योगेंद्र उठला, माणसांमधून वाट काढत आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. न सांगता. दिपमालाने पर्समधून पट्टी काढली, गोळी अर्धी केली आणि पुनमच्या हातावर ठेवली. सगळ्या भाऊबंदांसमोर, चांदीच्या डोळ्यांसमोर.

पुनमने गोळी गिळली, तोंड पुसलं आणि आजोबांजवळ जाऊन बसली.

"मी असेन ना, आबा," ती म्हणाली. "मी फेडेन."